सोमारीने सरळ बसवलेलं भिंग

चंद्रपूरच्या एमआयडीसीत गुणवंतरावांची एक शेड आहे. बाहेरून गोदामच वाटावं, पण आत जायचं तर चपला बाहेर ठेवून, डोक्याला टोपी आणि अंगात निळा कोट चढवावा लागतो. जंगलात झाडाला बांधायचे कॅमेरे तिथे बनतात. समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारे. त्या कॅमेऱ्याचा जीव म्हणजे नखाएवढा सेन्सर आणि त्याच्यावर बसणारं इवलंसं भिंग. ते भिंग सरळ बसवायचं काम सोमारीचं.

सोमारी भामरागडकडची. घरी माडिया बोलायची, मराठी आश्रमशाळेत शिकली आणि गडचिरोलीला आयटीआय करून इथे लागली, त्याला पाच वर्षं झाली होती. भिंग चिमट्यात धरायचं, बारीक चकत्या फिरवून केसाच्या जाडीहूनही कमी अंतराने सरकवायचं, आणि समोरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा तक्ता संगणकावर मधोमध आणि चारही कोपऱ्यांत लख्ख दिसला की थांबायचं. मग डिंकाचे चार थेंब टाकून समोर काच असलेलं झाकण लावायचं आणि आतला जांभळा दिवा पेटवायचा. काही सेकंदांत डिंक दगडासारखा होई. त्यानंतर देवही ते भिंग हलवू शकत नसे.

मार्चमध्ये साठ कॅमेरे परत आले. प्रत्येक फोटोचा उजवीकडचा वरचा कोपरा धुरकट. पुण्याहून सल्ल्यासाठी एक इंजिनिअर आले, त्यांनी दोन कॅमेरे उघडून पाहिले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "ऑपरेटरची चूक आहे. हाताने काम केलं की असं होणारच."

सोमारीचे कान तापले. इंजिनिअर जेवायला गेल्यावर गुणवंतराव तिच्या टेबलापाशी आले.

"तू काऊन काही बोलून नाई राह्यली?"

"पाहून घेतो, भाऊ, मंग बोलतो," ती म्हणाली.

डिंक लावण्याआधी ती प्रत्येक भिंगाचं चित्र संगणकात जपून ठेवत असे. कोणी सांगितलं नव्हतं, तिची आपली सवय. तिने साठही चित्रं उघडली. सगळी चारही कोपऱ्यांत स्वच्छ. म्हणजे बिघाड डिंकानंतरचा. शिवाय हाताची चूक असती तर कधी हा कोपरा गेला असता, कधी तो. इथे साठच्या साठ वेळा एकच.

दुसऱ्या दिवशी तिने दिवा पेटलेला असतानाही कॅमेरा चालूच ठेवला आणि स्क्रीनवर नजर रोखली. तिसऱ्या सेकंदाला कोपऱ्यातल्या पट्ट्या हळूच एकमेकींत मिसळल्या. तिच्या डोळ्यांदेखत भिंग कलत होतं. नव्यानेच बसवलेला दिवा एकाच बाजूला, डावीकडे होता. तिने तो उजवीकडे बसवून नवं भिंग लावलं. या वेळी उलट बाजूचा, डावीकडचा कोपरा धुरकटला.

तिने इंजिनिअरांना बोलावलं.

"सर, दिव्याजवळचा थेंब पहिले सुकते आन् आकसते. तो भिंगाले आपल्याकडे ओढते. बाकीचे थेंब मंग तसेच वाकड्यात पक्के होते."

इंजिनिअरांनी तिच्याकडून दोन्ही चित्रं पुन्हा काढून घेतली. ती शेजारी-शेजारी ठेवून कोपरे ताडून पाहिले. "हे तुम्हाला कोणी सुचवलं?"

"कोणी नाई, सर. दिव्याची बाजू बदलली, तवा कळलं."

शेडमधल्या रोशनने ॲल्युमिनियमचं कडं कापून त्यावर चार छोटे दिवे बसवले, म्हणजे चारही थेंब एकदमच सुकावेत. पहिलं भिंग तरीही जरासं कललं. रोशन हिरमुसला. सोमारीने एकेक दिव्याचा उजेड मोजला. एक मंद निघाला. तो बदलला. मग चाळीस कॅमेरे बनवून दोन दिवस तापत्या पेटीत ठेवले आणि बाहेर काढून तपासले. एकाचाही कोपरा गेला नव्हता. इंजिनिअरांनी अहवालात बिघाडाचं कारण लिहिलं आणि ते शोधणाऱ्याच्या जागी तिचं पूर्ण नाव, गावासकट. तिची माफीही मागितली, तीही सगळ्यांसमोर.

मे महिन्यात तिचा बाप लालसू काही कामाने चंद्रपूरला आला. सोमारीने त्याला निळा कोट घातला, स्टुलावर बसवलं आणि चकती फिरवली. धूसर पट्ट्या सरसर वेगळ्या होत स्वच्छ झाल्या.

"हे तू एकटी करतेस?" त्याने माडियात विचारलं.

"एकटीच. आता दोन नव्या पोरींनाही शिकवते."

लालसूने मान हलवली. बाहेर चहा आल्याची हाक झाली, सगळे उठले. तो मात्र बसूनच राहिला.

"अजून एक लाव," तो म्हणाला.

सोमारीने नवं भिंग चिमट्यात धरलं.