काकींच्या चुलीखालचं देऊळ

"मॅडम, ही आडवी रेषा दिसते ना? देवळाचं छत!" आमच्या सर्वेक्षणाच्या प्रमुख सरांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. मीही मान डोलावली. आकृती इतकी देखणी होती की शंका काढायला जीभ रेटेना.

कर्नाटकात कावेरीकाठच्या तलकाडला वाळूखाली देवळं गाडली गेली आहेत. न खणता ती शोधायची आमची रीत सोपी आहे. जमिनीवर लोखंडी प्लेट ठेवून घण मारायचा. लाट खाली जाते, दगडावर आपटून परत येते. ओळीने रोवलेले जिओफोन, म्हणजे जमिनीला लावलेले कान, ती टिपतात.

आमची लाइन, म्हणजे जिओफोनची ओळ, तुळसाकाकींच्या परसात, शेजारच्या भातगिरणीच्या लांबलचक भिंतीला समांतर होती. छत काकींच्या स्वयंपाकघराखाली शिरत होतं.

"त्या तुमच्यासारख्याच म्हैसूरकडच्या मराठी," सर म्हणाले. "तुम्हीच समजवा."

खाली देऊळ आहे, खोदाईसाठी स्वयंपाकघर हलवावं लागेल, असं मी समजावलं. "आपलीच पोर सांगतीय, मग खोटं कसं असंल, अल्वा? होय की नाही?" काकी कानडी मिसळत म्हणाल्या. खोदाईला अजून अवकाश होता, तरी त्यांनी मुलाकडून लगेच स्वयंपाकघर उतरवलं. चूल फोडण्याआधी तिला हळदकुंकू वाहिलं. "अय्यो, देवाच्या डोक्यावर नाचणीचे मुद्दे शिजवत होते ग मी!"

मोकळ्या झालेल्या जागेतून आम्ही दुसरी लाइन टाकली. स्क्रीनवरचं देऊळ एकदम खोल गेलं. भिंतीपासून जेवढे लांब सरकलो, तेवढंच खोल. तेव्हा मला कळलं. घणाचा आवाज हवेतून गिरणीच्या भिंतीवर आपटून येत होता. कोरड्या वाळूत लाट जवळपास हवेतल्या आवाजाच्याच वेगाने चालते, म्हणून तो प्रतिध्वनी आम्हाला जमिनीतला वाटला. निष्कर्ष सांगण्याआधी खात्रीसाठी अशी दुसरी लाइन टाकायची असते. कॉलेजातलं पोरही हे सांगेल.

"रिपोर्टात 'अनिश्चित' लिहू," सर म्हणाले. "खोदल्यावर कळेलच."

"आणि तोवर काकींनी रांधायचं कुठे?"

सर केबल गुंडाळू लागले. मी एकटीच काकींकडे गेले.

काकी अंगणात तीन विटा मांडून भात शिजवत होत्या. मी सगळं सांगितलं. शरमेने मान वर होईना.

"म्हणजे खाली देव नाही?"

"नाही, काकी. ती गिरणीची भिंत होती."

त्यांनी भात ढवळला. मग हळूच विचारलं, "तुझी नोकरी जाईल का ग?"

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटले असते.

मी रिपोर्टात चूक स्पष्ट लिहिली, खोदाई रद्द झाली. स्वयंपाकघर सरांनी आणि मी बांधून दिलं. काकींच्या मते जुनंच बरं होतं. आपल्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्याच्या दारी दुसरी लाइन टाकल्याशिवाय जाऊ नये.