पहिल्या मजल्यावरचं खारं पाणी

"ताई, हा फोन ज्यांचा हाय, त्यांच्या तुम्ही कोण लागता?"

आवाज अनोळखी होता, फोन अण्णाचा. शाळेची मधली सुट्टी होती आणि मी स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते. मी म्हटलं, "बहीण." पलीकडचा माणूस हळूच म्हणाला, "घरच्या कुणा पुरुषमाणसाचा नंबर द्या की." तेवढ्यावरच मला कळलं.

अण्णा त्या दिवशी कबनूरला जुन्या सोबत्यांना भेटायला गेला होता. चहाच्या गाड्यापुढच्या बाकावर बसला, छातीवर हात ठेवला आणि शेजारच्याच्या खांद्यावर कलंडला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. सकाळी नऊला त्याचा मला फोन येऊन गेला होता. मी वर्गात होते, मी तो कापला. दुपारी करू म्हटलं. वहिनी म्हणतात, काही विशेष नसणार, रविवारी येतेस का एवढंच विचारायचं असेल. तसंच असेल. पण आता सहा आठवडे झाले, तरी वर्गात जाताना फोन बंद करायला माझा हात धजत नाही.

शिवानंद त्याचं नाव. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आमची अव्वा, म्हणजे आई, सीमेपलीकडची, त्यामुळं घरात निम्मं कानडी चालायचं, आणि अण्णा मला शेवटपर्यंत 'तंगी' म्हणायचा. तंगी म्हणजे धाकटी बहीण. वडील लवकर गेले, दहावी झाल्या झाल्या तो यंत्रमागांच्या शेडमध्ये कामाला लागला. पुढं जॉबर झाला, म्हणजे मागांची दुरुस्ती करणारा. तीस वर्षं त्या खडखडाटात काढली आणि त्यात त्याचे कान गेले. पूर्ण नाही, पण समोरच्याचे ओठ बघितल्याशिवाय त्याला बोलणं लागायचं नाही. स्वतः मात्र एवढ्या मोठ्यानं बोलायचा, की नवख्या माणसाला वाटावं भांडण चाललंय. माझं बी.एस्सी. आणि बी.एड. त्याच खडखडाटावर झालं, हे मी कधी विसरले नाही आणि त्यानं कधी बोलून दाखवलं नाही.

पन्नाशीच्या आत-बाहेर असताना शेडमधल्या लोकांबरोबर तो मालवणला गेला. तोवर त्यानं समुद्र बघितला नव्हता. तिथं कुणीतरी त्याच्या तोंडाला नळी आणि डोळ्यांवर चष्मा लावून त्याला पाण्यात उतरवलं. दहाच मिनिटं तो पालथा तरंगला असेल. पण परत आल्यावर दोन दिवस गप्प होता. मी खोदून विचारलं, तेव्हा म्हणाला, "तंगी, खाली समदी माझ्यासारखीच हायत गं. कुणाला कायबी ऐकू येत न्हाय, पर समद्यांचं ब्येस चाललंय."

त्यानंतर शेड सोडून त्यानं कसबा बावड्यात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान काढलं, तिथंच पहिल्या मजल्यावर फ्लॅट घेतला, आणि एक दिवस मला बोलावून हॉलमधली भिंत दाखवली. इथं टँक बसणार, सहा फुटी. मी म्हटलं, गोड्या पाण्यातले मासे ठेव, सोपं पडेल. त्यानं मान हलवली. त्याला मालवणला बघितलेलं तेच हवं होतं.

स्टँड त्यानं स्वतः वेल्डिंग केलं. पाणी, दगड आणि काच मिळून टनभर वजन होणार होतं, म्हणून इंजिनिअरला आणून बीम कुठून जातो ते विचारलं आणि बरोबर त्याच्यावर टँक मांडला. समुद्राच्या पाण्यासाठीचं खास मीठ बादल्यांतून आलं. ते शुद्ध पाण्यात विरघळवायचं, खारटपणा मोजायचा, कमी-जास्त करायचं. मग सच्छिद्र दगड रचले आणि पाणी फिरवणाऱ्या मोटारी चालू केल्या... आणि त्यानंतर दीड महिना काहीच नाही. नुसते दगड आणि हलणारं पाणी. ओळखीपाळखीचे लोक बघायला येत आणि काचेला नाक लावून विचारत, "मासं कुठं हायत?" अण्णा म्हणायचा, "हायत की. दिसणारं अजून आलं न्हाईत." दगडांच्या भोकांत घाण पचवणारे जिवाणू वाढल्याशिवाय मासा सोडला तर तो स्वतःच्याच घाणीनं मरतो, हे मीच त्याला समजावलं होतं. रोज संध्याकाळी तो परीक्षानळीत पाणी घ्यायचा, थेंब टाकायचा आणि रंगाचा फोटो मला पाठवायचा. हिरवा, फिका हिरवा, पिवळट. पिवळा म्हणजे घाण पचली. तो आला त्या दिवशी दहावी झालेला माझा भाऊ पेढे घेऊन माझ्या दारात उभा होता.

दगडी पोवळी आपल्याकडं कायद्यानं संरक्षित आहेत, ती त्यानं कधी घरात आणली नाहीत. मऊ पोवळी आणली, कुणीतरी टँकमध्येच वाढवलेली, बोटाएवढ्या तुकड्यांतून. तीन वर्षांत त्यांनी सगळे दगड झाकले. दुपारी तिथं बसलं, की वाऱ्याशिवाय शेत हलतंय असं वाटायचं. मोटारींचा आवाज अण्णाला ऐकू येत नसे. म्हणून येता-जाता तो पाइपवर तळहात टेकवायचा आणि त्या थरथरीवरून मोटार कशी चाललीये ते सांगायचा. मागांच्या शेडमध्येही तो म्हणे असाच हात लावून बिघाड ओळखायचा. महानंदा वहिनींना या सगळ्याचा कंटाळा होता. पुण्याला, बेळगावला कुठं चार दिवस जायचं म्हटलं, की टँक आडवा. मुलगी अश्विनी लग्न होऊन बेळगावला गेली, तिच्याकडंही हा माणूस सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

मग तो महापूर आला.

पंचगंगेचं पाणी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये शिरलं आणि जिन्याच्या सहाव्या पायरीवर येऊन थांबलं. वीज गेली, नळाचं पाणी बंद झालं. मी राजारामपुरीत माझ्या घरी अडकले होते, फोन लागला तर लागला. अण्णानं टँकसाठी इन्व्हर्टर आणि दोन मोठ्या बॅटऱ्या ठेवल्या होत्या. दिवे, बाकीच्या मोटारी बंद करून एकच मोटार चालवली, तर दोन-अडीच दिवस निघतील असा त्याचा अंदाज होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरचा सतीश चौगुले खाली आला. त्याच्या आईला ऑक्सिजनचं मशीन लागायचं. त्यांचा इन्व्हर्टर पहाटेच संपला होता, आणि बोट संध्याकाळशिवाय येत नव्हती. त्यानं बॅटऱ्या मागितल्या. अण्णा म्हणाला, "बघतो."

पुढं काय झालं ते पेठेत, बावड्यात सगळ्यांना माहीत आहे. अण्णानं बॅटऱ्या काढल्या, सतीशच्या बरोबरीनं वर नेल्या, मशीन चालू झालं. उजेड असतानाच बोट आली आणि चौगुले मावशी वाचल्या. बॅटऱ्या तोवर पार उतरल्या होत्या. मोटार बंद पडल्यावर अण्णा आणि वहिनी दोघं आळीपाळीनं तांब्यानं टँकमधलं पाणी वर काढून परत आत ओतत राहिले, थोडी तरी हवा मिसळावी म्हणून. दोन दिवस. वहिनींच्या दंडाला सूज आली. पण तांब्यानं कुठं समुद्र हलतो... आधी मोठे मासे गेले, मग पोवळी गळून शेवाळासारखी दगडांवरून लोंबायला लागली.

आठवड्यानं पाणी उतरलं तेव्हा मी पोचले. जिन्यातच वास आला. अण्णा बनियनवर बसून एकेक दगड बाहेर काढत होता. बिल्डिंगमधली माणसं येऊन त्याच्या पाया पडून गेली होती, त्याचं कौतुक चाललं होतं. मीही काहीतरी तसंच म्हणाले. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. हातातला दगड बादलीत ठेवला आणि पहिल्यांदाच, त्याच्यापरीनं अगदी हळू बोलला.

"तुला म्हणून सांगतो. सतीश मागून गेला, आन् मी तासभर हितंच बसलतो. मोटार किती चालंल, कुठलं मासं वाचतील, मोजत. वर ती बाई धापा टाकत व्हती, तंगी. आन् मी मासं मोजत व्हतो."

त्या तासात वहिनी वर जाऊन आल्या होत्या. त्या खाली येऊन त्याच्यापुढं उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, की एकदा वर जाऊन या. तो गेला. मावशी पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या, ओठ निळसर पडले होते, आणि तशातही त्यांनी त्याला बसायला हातानं खुर्ची दाखवली. तिथून खाली आल्यावर त्यानं बॅटऱ्यांच्या वायरी सोडवल्या.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. इथं लिहावं की नाही, यावर आठ दिवस घालवले. शेवटी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिही. नुसतं चांगलं लिहिलंस तर ते ह्ये न्हवंत." खरंच आहे ते. त्या एका तासाचं ओझं माझ्या भावानं पुढं जन्मभर वाहिलं. लोक कौतुक करायला लागले की तो उठून आत जायचा.

टँक दोन वर्षं रिकामा राहिला. विकलाही नाही, भरलाही नाही. वहिनी काच पुसायच्या आणि आत जुन्या गोधड्या ठेवायच्या. एक दिवस चौगुले मावशीच काठी टेकत, सतीशच्या आधारानं खाली आल्या. त्या गोधड्यांकडं बघत बराच वेळ बसल्या आणि अण्णाला म्हणाल्या, की मी जायच्या आधी ही पेटी भरा, माझ्या डोक्यावर हे रिकामं ठेवू नका. अण्णानं त्यांचे ओठ नीट वाचले होते, तरी परत विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं. मग त्यानं त्यांच्यापुढं तो तास सांगून टाकला. मी तिथंच होते. मावशी ऐकून घेऊन म्हणाल्या, "आलात न्हवं शेवटी? मग झालं की." आणि वहिनींकडं वळून त्यांनी चहा मागितला.

त्याच महिन्यात मिठाच्या बादल्या आल्या. परत दगड, परत दीड महिना नुसतं पाणी, परत फोटो. या वेळी त्यानं कमीच जीव ठेवले. थोडी पोवळी, पाच-सहा मासे, आणि शेवटी एक समुद्रफूल. हा खरं तर प्राणी, पण फुलासारखा पसरलेला, आणि त्याच्या मऊ बोटांत केशरी माशांची एक जोडी राहायची. मावशी दीड वर्ष रोज सकाळी दहाला खाली येऊन त्या जोडीसमोर बसायच्या. अण्णा शेजारी असायचा, पण दोघं बोलायची नाहीत. त्यांना दम लागायचा आणि याला ऐकू यायचं नाही. गेल्या वर्षी मावशी गेल्या. अण्णा खांदा द्यायला पुढं होता.

अण्णाचं दिवसकार्य झाल्यावर अश्विनीनं आईला बेळगावला न्यायचं ठरवलं. टँकचं काहीतरी करणं भागच होतं. सांगलीचे एक दातांचे डॉक्टर अण्णाच्या ओळखीचे, त्यांच्याकडंही असाच टँक आहे. ते थर्माकोलच्या पेट्या घेऊन आले. मासे पेट्यांत गेले, पोवळ्यांचे दगडही गेले. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. राहिलं समुद्रफूल. त्याचा पाय मोठ्या दगडाच्या भेगेत खोल रुतला होता. डॉक्टरांनी बोटांनी हळूहळू सोडवायचा प्रयत्न केला. जवळजवळ पाऊण तास. ते आणखीनच आत घट्ट होत गेलं. ओढलं तर फाटणार, आणि दगड कुठल्या पेटीत मावणार नाही, म्हणून छिन्नीनं फोडावा लागेल, असं ते म्हणाले.

तेव्हा वहिनी बाहेर आल्या. हात पिठाचे होते. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, ह्याला एकट्याला रोज काय काय लागतं? डॉक्टरांनी सांगितलं. पाणी उडून जाईल तेवढं शुद्ध पाणी घालायचं, मीठ घालायचं नाही, कारण मीठ उडत नाही. दिवा किती वेळ, खाणं किती. वहिनींनी सगळं एकदा म्हणून दाखवलं, आणि मग म्हणाल्या, "छिन्नी नको. त्येला सुटावं वाटंल तवा तुमाला फोन करतो." आमच्याकडच्या बायका 'करतो'च म्हणतात. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी केशरी जोडी पेटीतून काढून परत पाण्यात सोडली.

अश्विनी एकटीच बेळगावला गेली.

परवाच्या रविवारी मी गेले होते. बाहेर आभाळ भरलेलं, हॉलमध्ये दुपारीच अंधारल्यासारखं झालं होतं. टँकच्या काचेवर वरच्या कडेला पाण्याचे शिंतोडे वाळून मीठ चढतं, ते वहिनी ओल्या फडक्यानं पुसत होत्या. मीही दुसरं फडकं घेतलं आणि खाली बसून स्टँडच्या तपकिरी दारावरून फिरवायला गेले. वहिनींनी माझं मनगट धरलं.

"तितं नको. ह्येंची बोटं हायत."

ओल्या हातानं तो ते दार उघडायचा, तेव्हा उठलेले मिठाचे ठसे. मी वाकून बघितलं. दारावर मला काहीच दिसलं नाही, नुसता थोडा ओलसरपणा होता.

"ह्या हवेत मीठ भिजतंय," वहिनी म्हणाल्या. "ऊन पडलं की दिसत्यात."