बंबातलं शिळं पाणी

जिथं विमानं रोज उतरतात तिथं किस्से होत नाहीत. होतात ते आमच्यासारख्या ठिकाणी! लातूर नवा जिल्हा झाला, गावाबाहेर धावपट्टी आली, तिची देखरेख माझ्याकडं आली, पण विमान यायचं कधीमधी. बाकीचा वेळ आम्ही मागच्या विमानाबद्दल बोलायचो. माझ्या बायकोला हे सगळे किस्से पाठ होते. मी चुकलो की ती आतून दुरुस्त करायची. आता ती नाही. तेव्हा जमेल तसं सांगतो.

*

वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी विंडसॉक एकदा खांबावरून गायब! चार दिवसांनी रेणापूरकडचा एक शेतकरी स्वतःच परत घेऊन आला. मला वाटलं, घाबरला असेल. तो उलट माझ्यावरच तापला.

"कसली पिशवी शिवता ओ साहेब? दोन्हीकडून उघडी! सगळी ज्वारी रस्त्यावर सांडली की!"

*

एका वर्षी दुष्काळ कडक होता. धुळीत वाट चुकलेला एक पायलट वायरलेसवर विचारत होता, "मी लातूरवर आलोय का?"

"खाली काय दिसतंय?"

"मोठा तलाव. भरपूर पाणी."

"मग तुम्ही आमच्याकडं नाही!"

*

धावपट्टीवर गुरं शिरली की आमचे बंबवाले बसवराज अप्पा आगीचा बंब घेऊन, सायरन वाजवत, त्यांना पळवायचे. पण बंबातून थोडं पाणी गळायचं. गुरांना ते कळलं. सायरन वाजला की आसपासची सगळी गुरं धावत धावपट्टीवर!

मी ओरडलो, "अप्पा, हे काय?"

"थांबा की!" म्हणत अप्पांनी बंब माळावर वळवला. गुरं ओळीनं मागोमाग गेली. पट्टी साफ.

*

बंब भरलेला असल्याशिवाय विमान उतरवायचं नाही, हा नियम. म्हणून विमान येणार असलं की टँकर यायचा. विमान गेलं की अप्पा बंबाचा नळ सोडायचे आणि शेजारच्या वस्तीतल्या बाया घागरी भरून न्यायच्या.

"अप्पा, हे नियमात बसतं का?"

"पाणी शिळं होऊन राहिलंय, साहेब. बदलायला नको?"

एकदा मुंबईचे एक मोठे साहेब येऊन गेले. विमान उडालं, बंब रिकामा झाला, बाया घरी गेल्या. आणि वायरलेसवर पायलट, "परत येतोय. चाक नीट उघडल्याचा दिवा लागत नाही. बंब तयार ठेवा!"

टँकर केव्हाच गेला होता. माझी बायको शेजारच्याच क्वार्टरच्या दारात उभी होती. तिनं ऐकलं आणि वस्तीकडं पळत सुटली.

"बायांनो, पाणी परत आणा गं! विमानात माणसं हायत!"

विमान वर घिरट्या घालत होतं आणि खाली बाया डोक्यावरून घागरी आणून बंबात ओतत होत्या. त्यातही एकीनं टोमणा मारलाच, "काय अप्पा, शिळं पाणी वापस घेता व्हय?"

अर्ध्याहून जास्त बंब भरला आणि विमान टेकलं. अलगद. चाक ठीक होतं, दिवाच बिघडला होता.

साहेब खाली उतरले. समोर डोक्यावर भरल्या घागरी घेतलेल्या बायांची रांग. त्यांना गहिवरून आलं. "एवढं स्वागत!" म्हणत त्यांनी हात जोडले आणि सगळ्यात पुढच्या घागरीला हात लावायला पुढं झाले.

ती घागर माझ्या बायकोची होती. ती एक पाऊल मागं सरकली.

"हात नका लावू, साहेब. तुम्ही सुखरूप उतरलात न्हवं? मग हे पाणी आता पुन्हा आमचं हाय."