काचेमागची ठकी

सुरुवातीलाच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. सव्वीस वर्षं कारखान्यात मालाची तपासणी केली. माप घेतल्याशिवाय कशावरही सही केली नाही. पण हा अनुभव कुठल्याही मापात बसत नाही, आणि तो मला एकट्याला आलेला नाही.

आम्ही दोघं – मी आणि मेधा. मूल नाही. नोकरी सोडल्यावर पुण्यातला फ्लॅट विकला आणि एका पिकअपच्या मागच्या हौद्यावर छोटी खोली बांधून घेतली. पलंग, ओटा, पाण्याची टाकी, सगळं त्यात. सोबत बंड्या नावाचा कुत्रा आणि ठकी नावाची मांजर. नातेवाइकांनी ‘म्हातारपणी हे काय खूळ’ म्हणून घेतलं. आम्हाला मात्र हे आयुष्य फार आवडलं होतं.

बंड्या पुढे केबिनमध्ये आमच्या मधे बसायचा. ठकी मागच्या खोलीत. मागचं दिसावं म्हणून केबिनच्या पाठीला वहीएवढी काच बसवली होती, ती उघडत नाही. खोलीचं दार फक्त बाहेरून, त्याला कडी आणि कुलूप. खिडक्यांना जाळ्या. हे सगळं मुद्दाम सांगतोय, कारण पुढे लागणार आहे.

ठकीला मात्र प्रवास मानवत नव्हता. गाडी चालू झाली की पलंगाखाली जाऊन बसायची, ओकायची. पार वाळून गेली होती. मी दोन महिने म्हणत होतो की तिच्यासाठी एखादं चांगलं घर बघू. मेधाचं एकच उत्तर – निघताना सगळ्यांनी निघायचं ठरलं होतं.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही येडशीच्या पुढे होतो. दुपारची वेळ. गावं सगळी ओस, दुकानं बंद, आणि शेतं मात्र माणसांनी फुललेली. आम्हाला काही कळेना. रस्त्याकडेला गाडी उभी केली तशी एक म्हातारी बाई बांधावर आली. “येळवस हाय आज. येळवशीला शेताजवळून कुणी उपाशी जात न्हाय. उतरा,” म्हणाली. विचारलं नाही, सांगितलंच.

त्या मुक्तामावशी. येळवस म्हणजे वेळ अमावास्या, त्या दिवशी तिकडे अख्खं गाव शेतात पूजा करून जेवतं, हे त्यांच्याकडूनच कळलं. ज्वारीत कडब्याची खोपटासारखी कोपी उभारलेली, आत चुना लावलेले पाच दगड मांडून लक्ष्मीची पूजा केलेली. आम्हाला पंगतीत बसवून भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील असं वाढलं की उठताना माझी पंचाईत झाली. ठकी गाडीतून उतरली आणि कडब्याच्या उबेला जाऊन चक्क पोट वर करून झोपली. कित्येक दिवसांत मी तिला तशी पाहिली नव्हती. मावशी सहज म्हणाल्या, “ठिवा की हितंच. कोठ्यात उंदरं लई झाल्यात.”

मी मेधाकडे पाहिलं. ती ताटावरून उठली. गाडीमागे जाऊन आमचं जे व्हायचं ते झालं आणि अबोला सुरू झाला.

आमच्या अबोल्याची एक पद्धत आहे. बोलायचंच झालं तर बंड्याला मधे घ्यायचं. निघताना ठकी आत आहे का हे बघायचं काम गाडी चालवणाऱ्याचं, म्हणजे त्या दिवशी माझं. मेधानं कुलूप लावलं, पुढे येऊन बसली आणि म्हणाली, “बंड्या, विचार ह्यांना, ठकी आत आहे का?” मी बंड्याला म्हटलं, “आहे म्हणून सांग.” आणि निघालो. भूमला मेधाच्या मैत्रिणीकडे मुक्काम होता.

येरमाळा जवळ आलं तेव्हा बंड्या मागे तोंड करून शेपूट हलवायला लागला. मी वळून पाहिलं. काचेला नाक लावून ठकी बसली होती. डावा कान फाटलेला, नाकावर पांढरा पट्टा... आमचीच ठकी. मला एकदम हायसं वाटलं. का ते शेवटी सांगतो. ती ओरडत नव्हती, ओकत नव्हती, नुसती आमच्याकडे बघत होती. भूम येईपर्यंत मी चार-पाच वेळा पाहिलं. ती तिथंच. मेधाही अधूनमधून वळत होती, मोबाइलवर तिनं फोटोही काढला. बोललो मात्र कोणीच नाही.

भूमला कुलूप काढलं. खोलीत ठकी नव्हती.

पलंगाखाली पाहिलं, ओट्याखाली पाहिलं, गादी बाहेर काढली. खोली ती केवढी! मेधा माझ्याकडे वळली. तिचा तो चेहरा मी विसरणार नाही. “तुम्ही ठेवून आलात तिला. मला फसवून,” म्हणाली. तीस वर्षांच्या संसारात आम्ही हजारदा भांडलो असू, पण त्या क्षणी हे सगळं संपतंय असं मला खरंच वाटलं. गाडी, प्रवास, आम्ही दोघं, सगळंच.

मी म्हटलं, “अगं, मी तिला रस्ताभर काचेत पाहिलंय.”

ती पायरीवर बसली आणि हळूच म्हणाली, “मीही पाहिलंय.”

मोबाइल उघडला. फोटोत बंड्याची पाठ, काच, आणि काचेमागे ठकी.

गाडी तशीच उलटी वळवली. येताना दोघंही मागे बघत होतो. काच रिकामी होती. दिवस मावळायच्या आत त्या शेतावर पोचलो. ठकी कोपीच्या तोंडाशी रस्त्याकडे बघत बसली होती. मेधानं उचलून छातीशी धरली आणि रडायला लागली. मावशी म्हणाल्या, “तुमी गेलात तवापसनं अशीच बसलीया. दूध ठिवलं, तोंड लावंना. हाक मारली तर कान सुदिक हलवंना, जनू हितं न्हाईच. म्या म्हनलं, तुमीच ठिवून गेलात.”

ठकीच्या कपाळावर कुंकवाचं बोट होतं. आम्ही गेल्यावर मावशींनीच लावलं होतं. लक्ष्मीच्या दिवशी दारी राहिलेलं जनावर, म्हणून. त्यांच्या सुनेनं तेव्हा सगळ्यांचा फोटो काढला होता, त्यात मावशींनी मांडीवर घेतलेली ठकी, तोंड रस्त्याकडेच. वेळ तीन बावन्न. मेधानं आपल्या फोटोची वेळ पाहिली... तीन बावन्न. मग तिनं तो मोठा करून पाहिला आणि फोन माझ्या हातात दिला. काचेमागच्या ठकीच्या कपाळावर लाल ठिपका होता.

मी, मेधा आणि मावशी त्या बांधावर किती वेळ उभे होतो, सांगता येत नाही. भीती अजिबात वाटली नाही. देवळात गेल्यावरही कधी जुळले नव्हते, ते हात आपोआप जुळले माझे.

दोन्ही फोटो जाणकारांना दाखवले. प्रतिबिंब म्हणाले, दुसरं मांजर म्हणाले, मोबाइलचं घड्याळ म्हणाले. प्रत्येक शक्यता मी तपासली. एकही टिकली नाही.

आता राहिलेलं सांगतो, ज्यासाठी हे लिहायला दोन वर्षं लागली. ‘आहे म्हणून सांग’ असं मी बंड्याला म्हटलं, तेव्हा माझी नजर बाजूच्या आरशात होती. ठकी मला दिसत होती. कडब्यावर झोपलेली. मी पहिला गिअर टाकला. इथं ती सुखी राहील, मेधा आठवडाभर रडेल आणि विसरेल, एवढाच हिशोब केला. म्हणून काचेत ती दिसली तेव्हा हायसं वाटलं. आरशात दिसली ती दुसरी असेल, अशी मी मनाची समजूत घातली. मेधानं त्या संध्याकाळी माझ्यावर विश्वास ठेवला तो त्या फोटोमुळे. मी मान खाली घालून तो ठेवू दिला.

हा मजकूर पाठवण्याआधी आज सकाळी तिला वाचायला दिला. तिनं शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला. मग मांडीवरच्या ठकीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “मला माहीत होतं. माझ्या बाजूलाही आरसा आहे.”

मग ती तेव्हा गप्प का बसली, हे मी विचारलं. ती म्हणाली, “तुम्ही थांबाल असं वाटलं होतं.”