चौथ्या ओळीतलं वळण

एका इंग्रजी रेकॉर्डला मी तीस वर्षं अस्सल समजत होतो. ती नक्कल निघाली. एवढ्यावर भागलं असतं तर मी हे कोणाला सांगितलंही नसतं. पण त्या रेकॉर्डच्या भरवशावर मी एका माणसाची चूक काढली होती, आणि तीही चारचौघांत.

रेकॉर्ड मिळाली चंद्रपुरातच. खाणीतले एक अधिकारी बदलीवर निघाले होते, त्यांनी सामान विकायला काढलं. लोकांनी कूलर नेला, दिवाण नेला. मी रेकॉर्ड प्लेअर आणि ही एक रेकॉर्ड घेऊन घरी आलो. बायको म्हणाली, "कूलर काऊन नाई आणला?" चंद्रपूरच्या मे महिन्यात या प्रश्नाला उत्तर नसतं. कव्हरवर अमेरिकेतल्या एका नामांकित सोल गायिकेचं नाव बोटभर अक्षरांत होतं. सोल म्हणजे तिथल्या काळ्या लोकांचं, चर्चमधल्या भजनातून निघालेलं गाणं, हे मी तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला समजावत आलो. सिलिंडर आणणारासुद्धा सुटला नाही.

दोन वर्षांपूर्वी सावली तालुक्यातल्या एका गावात मंडईचं नाटक बघायला गेलो. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्रभर नाटक होतं. रंगमंचाच्या पुढ्यात पायानं भाता मारायचा ऑर्गन असतो आणि त्यावर एक मास्तर. मुलगी सासरी निघते त्या प्रवेशात मास्तरांनी एक धून वाजवली. बाया पदर डोळ्यांना लावून बसल्या. मी ताठ झालो. ते माझ्या रेकॉर्डवरचं गाणं होतं!

सकाळी नाटक संपल्यावर चहाच्या टपरीवर मास्तरांना गाठलं. सत्तरीचा माणूस, गळ्यात मफलर. मी म्हणालो, "मास्तर, धून अमेरिकेची आहे. उचललीत ते ठीक, पण चौथ्या ओळीत तुम्ही स्वर वर नेऊन वळवता ना, ते साफ चूक. माझ्याकडे ओरिजिनल रेकॉर्ड आहे."

तबलजी हसला. मास्तरांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "असंन जी."

मला वाटलं, मी कलेची सेवा केली.

यंदा दिवाळीत मुलगी पुण्याहून आली. रेकॉर्डवर सुई नीट बसेना, तेव्हा तिनं तेच गाणं मोबाइलवर शोधून लावलं. आवाज वेगळा होता. जाडसर, थोडा खरखरीत, अंगावर येणारा. आणि चौथ्या ओळीत तो वर गेला आणि वळला. थेट मास्तरांसारखा.

"हे कोणीतरी बदललंय," मी म्हणालो.

"बाबा, हेच ओरिजिनल आहे."

मग आम्ही बसून त्याच गाण्याची मिळतील तेवढी रूपं ऐकली. एका जॅझवाल्यानं पियानोवर ते इतकं सोडवून ठेवलं होतं की ओळखायला मला तीनदा ऐकावं लागलं. एका पॉप मंडळीनं टाळ्यांवर घेतलं होतं, बारशाला वाजवावं तसं. प्रत्येकानं काहीतरी बदललं होतं, पण ते वळण कोणी सोडलं नव्हतं. सोडलं होतं फक्त माझ्या रेकॉर्डनं. मुलीनं कव्हर उलटं केलं. मागे, अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं की या गायिकेची लोकप्रिय गाणी आमच्या कलाकारांनी सादर केली आहेत. तीस वर्षांत मी कव्हर उलटं केलं नव्हतं असं नाही. चष्मा लावून केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नाटकमंडळीच्या मॅनेजरला फोन केला. तो म्हणाला, "मास्तर ते धून आता वाजवतच नाई. यंदा तर ऑर्गन दुसऱ्याले देतो म्हणून राह्यले."

मी मास्तरांच्या गावाला जायला सावलीची बस पकडली.

मास्तर अंगणात होते. ऑर्गन पडवीत, त्यावर चादर, चादरीवर वाळत घातलेले सांडगे. मी मोबाइल काढला आणि गाणं लावलं. चौथी ओळ आली. मास्तरांनी डोळे मिटले. मग मी सगळं कबूल केलं, मुंगीएवढ्या अक्षरांसकट.

"बल्लारशाच्या लाकूड डेपोत होतो मी," मास्तर म्हणाले. "सायबाच्या रेडिओवर लागे. चार-पाच डाव ऐकलं असंन. तुमी बोलले तं मले वाटलं, आता माहे कान गेले. कान गेले तं ऑर्गनवर बसून काय करता?"

मला वाटलं होतं, ते रागावले असतील. राग बरा असता.

त्यांनी सांडगे सुपात काढले, चादर ओढली. हात पट्ट्यांवर जायच्या आधीच पाय भाता मारू लागला होता. धून सुरू झाली, चौथ्या ओळीला वर गेली आणि सावकाश वळली. आवाज ऐकून त्यांची बायको पिठाच्या हातांनी दारात आली. काय झालं ते मास्तरांनी तिला वाजवता वाजवताच सांगितलं. तिनं मला खालून वरपर्यंत बघून घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली,

"कान याईचे गेले, अन् बाजा तुमी बंद केला?"