चमचाभर दूध

सिस्टरच्या घरी शिरायचं तर आधी हात धुवावे लागत. दारातच बादली, तांब्या आणि साबणाची वडी असे. पाहुण्याला वाटे, नर्सबाईंची जुनी सवय. पण ही काळजी पाहुण्याची नव्हतीच, हॉलमध्ये काचेच्या पेटीत राहणाऱ्या सापाची होती.

तुळिंजला लोडशेडिंगने जीव नकोसा केला होता, तेव्हाची ही गोष्ट. मी सोसायटीचा सेक्रेटरी. सिस्टर मूळच्या अर्नाळ्याच्या, इस्पितळातून निवृत्त झालेल्या, एकट्या. बोटीवर नोकरी करणाऱ्या भाच्याने हौसेने कुठूनसा एक कॉर्न स्नेक आणला आणि महिन्याभरात मावशीच्या गळ्यात मारून तो बोटीवर निघून गेला. साप परदेशी, बिनविषारी. बाहेर सोडला तर जगायचा नाही. सिस्टरनी त्याचं नावबीव ठेवलं नाही. पेशंट म्हणायच्या.

आठवड्याला एक पांढरा उंदीर, आधी आणि नंतर वजन, भिंतीवर तक्ता. थंडीत वीज गेली की पेटीखाली गरम पाण्याची पिशवी. ती पिशवी खरं तर त्यांच्या गुडघ्यांसाठी घेतलेली. 'गुडघे काय, दुखलं की बोलून दाखवतात, याला थंडी वाजली तरी सांगता येत नाही,' असं त्या म्हणायच्या.

सोसायटीचं म्हणणं सोपं होतं: साप तरी जाईल, नाहीतर बाई. तशी नोटीस मीच लिहिली, चांगल्या अक्षरात. रविवारी सभा ठरली आणि नेमकी त्याआधी नागपंचमी आली. ज्यांनी तक्रारअर्जावर सह्या केल्या होत्या, त्याच बायका दूध-लाह्या, हळदकुंकू घेऊन सिस्टरच्या दारात हजर. सगळ्यांत पुढे आमची ही. घरबसल्या जिवंत नाग मिळाल्यावर कोण सोडतंय!

सिस्टर दारात आडव्या उभ्या राहिल्या. त्यांनी पाटावर गंधाने नाग काढून ठेवला होता. पूजा याची करा म्हणाल्या. बायका ऐकेनात, तसं त्यांच्या तोंडी अर्नाळा आला. "पानी पिते तो. दूद नाय पचत त्याला. आत कोन येनार नाय." बायका पाटाकडे न बघता परत फिरल्या. हिने घरी येऊन दुधाचं पातेलं ओट्यावर आपटलं.

मी जिन्यात सिस्टरना गाठलं. माझ्या मते मी मोठा मुत्सद्दी. म्हटलं, चमचाभर दूध नुसतं पुढे ठेवू द्या, रविवारची सगळी मतं तुमची.

"सेक्रेटरी, पस्तीस वर्षं मी पेशंटना नातेवाइकांच्या हौसेपासून वाचवलंय," त्या म्हणाल्या. "आज चमचा ठेवतील, उद्या तोंड उघडून पाजतील. माझं घर गेलं तरी चालेल."

तसंच झालं. सभेत सगळे हात वर गेले. देव म्हणून तो चालला असता, जनावर म्हणून नाही. माझाही हात वर होता आणि त्याची मला आजही लाज वाटते. सिस्टर वाद घालत बसल्या नाहीत. पेशंट कात टाकतोय, आठ दिवस हलवता येणार नाही, एवढीच मुदत त्यांनी मागितली.

नवव्या दिवशी टेम्पो आला. अर्नाळ्याला भावाकडे जायचं होतं. सिस्टर सामान चढवून घेत होत्या आणि पेटी कुणी धरायची यावर टेम्पोवाला अडून बसला. आमची ही नागपंचमीपासून सिस्टरशी बोलली नव्हती. ती जिना उतरली, पुढच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "द्या इकडे."

संध्याकाळी ही परत आली. मी विचारलं, भीती नाही वाटली?

"कसली भीती? वाटभर तोच घाबरून वेटोळं करून बसला होता," ती म्हणाली. "एवढासा तर आहे. तुम्ही पाहिलंय ना त्याला?"

मी पाहिलं नव्हतं. नोटीस द्यायला गेलो तेव्हाही दारातूनच परतलो होतो.