तीन पॉइंट एकनंतर पंच्याण्णव

चि. धम्मपाल, तुझ्याबद्दल लिहिते आहे. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर "कशाला बाई?" म्हणून तू टाळलंच असतंस. चुकलं असेल तर कळव.

धम्मपाल कोरेगावचा. साताऱ्याच्या कॉलेजात माझ्याकडे गणित शिकला आणि सांगलीत एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवू लागला. विंडोज तीन पॉइंट एक त्याला तोंडपाठ. शहाण्णव साली क्लास बंद पडायला आला. धाकटी बहीण साक्षी अजून शिकत होती. तेवढ्यात माधवनगरकडच्या एका शाळेत कायम जागा निघाली. ती मिळायलाच हवी होती. मुलाखतीत त्याच्या ओल्या बोटांचे ठसे प्रमाणपत्रावर उमटले.

चेअरमन मधुकरराव मोठे ऊसवाले. कागद वाचून म्हणाले, "आमी विंडोज पंच्याण्णव आणलंय. तुमी अजून तीन पॉइंट एकावरच हायसा. मधल्या नव्वद-एक्याण्णव पायऱ्या कवा शिकणार?"

"साहेब, मधे काही नाही. आधी पायरीचा आकडा लावायचे, आता सालाचा लावलाय."

"एवढी मोठी कंपनी, मधेच मोजायची रीत बदलंल व्हय?"

धम्मपाल घाबरला की त्याची जीभ जास्तच चालते.

"साहेब, रानात उसाची जात कुठली?"

"शहाऐंशी झिरो बत्तीस. नवीन हाय."

"त्याआधी?"

"सातशे चाळीस."

"मग मधले पंच्याऐंशी हजार ऊस कधी लावलेत?"

सगळी कमिटी खो खो हसली. उसाच्या जातींच्या नंबरातही नंतर सुरुवातीला साल घालू लागले, हे तिथं सगळ्यांना ठाऊक. हसले नाहीत ते एकटे मधुकरराव. त्यांनी कागद पालथा ठेवला. "कळवतो."

जिना उतरताना धम्मपालला कळलं, उत्तर बरोबर आलं आणि जागा हातची चालली. तसाच तो माझ्याकडे आला; तोवर मीही सांगलीत राहायला आले होते. चहा निवून गेला, तरी कप हातातच.

"बाई, तुमचं त्यांच्या घरी जाणंयेणं आहे. एवढंच सांगा, ह्याच्या मनात अपमान करायचा नव्हता."

"अरे, खरं तेच बोललास की."

"तरी सांगा. शनिवारी ठरवणारेत."

"जाते उद्या," मी म्हटलं.

उद्या पाहुणे आले. परवा माझाच ताठा आड आला: बरोबर उत्तराची माफी कसली मागायची? शनिवारी जागा दुसऱ्याला गेली. तुम्ही गेला होतात का, असं त्यानं कधी विचारलं नाही. मी गेलेच नव्हते.